गणित येत नाही, हे सिद्ध कोणी केले?



बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील दोन प्रसंग आपल्या घराघरांत सांगितले जातात. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही तो विषय त्यांना नाकारण्यात आला व फारसी घ्यावी लागली, हा एक. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याजवळ बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी गिल्ला केला, हा दुसरा. या दोन्ही प्रसंगांत एक साम्य आहे. त्या मुलाला विषय येतो की नाही, हे पाहण्याची कोणालाच गरज वाटली नाही. परीक्षा होण्यापूर्वीच निकाल लागलेला होता.

आज असा निकाल उघडपणे कोणी देत नाही. तो छापील अर्जाच्या रूपाने येतो. अलीकडेच धम्मदीक्षा घेतलेल्या एका कुटुंबातील वडील आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले होते. अकरावीच्या पहिल्याच चाचणीत तिला गणितात कमी गुण पडले, म्हणून महाविद्यालयाने त्यांच्या हाती एक कागद दिला होता. त्यावर लिहिले होते, 'मी स्वेच्छेने गणित विषय सोडत आहे.' वडिलांनी विचारले, "वकीलसाहेब, सही करू का? आमच्या घराण्यात गणित कोणालाच आले नाही." कागदावरील 'स्वेच्छेने' हा शब्द आणि वडिलांच्या तोंडचा 'घराण्यात' हा शब्द, दोन्ही मला सारखेच बोचले.

हा प्रश्न केवळ आपला नव्हे. ज्या अमेरिकेत बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात अध्ययन केले, आणि जेथील कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान पुढारी डॉ. डू बॉइस यांना त्यांनी १९४६ साली पत्र लिहिले, त्या देशात हाच प्रश्न कायदेमंडळापर्यंत गेला. त्याची हकीकत आपणांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

अमेरिकेत दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाची सार्वजनिक महाविद्यालये आहेत. त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात. एकट्या कॅलिफोर्निया राज्यात ती शंभराहून अधिक आहेत. प्रवेशाला गुणांची अट नाही. दिवसभर राबून संध्याकाळी वर्गात बसणारे कामगार, मुले मोठी झाल्यावर पुन्हा वही-पेन्सिल हाती घेणाऱ्या माता, परदेशांतून आलेली गरीब कुटुंबे, असा तेथील विद्यार्थिवर्ग असतो. दोन वर्षांचा अभ्यास पुरा केला की विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाता येते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग चालविणारे आपले सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली निघाले, त्यामागची दृष्टी याच जातीची होती.

परंतु दार उघडे असले तरी दाराच्या आत एक जिना होता. प्रवेशाच्या वेळी एक छोटी चाचणी होई आणि तिच्या गुणांवरून विद्यार्थ्याची पायरी ठरे. सर्वांत खाली अंकगणित, त्यावर पूर्वबीजगणित, त्यावर प्राथमिक बीजगणित आणि त्यावर इंटरमीजिएट अल्जेब्रा, म्हणजे मध्यम पायरीचे बीजगणित. वर्गसमीकरणे, करणी, घातांक, लॉगॅरिदम असे विषय या वर्गात येतात. आपल्याकडे नववी ते अकरावीत जे शिकवितात, साधारण तेच. प्रत्येक पायरीला एक सत्र लागे. पैसा व वेळ खर्च होई. परंतु विद्यापीठ यांतील एकही वर्ग आपल्या पदवीसाठी मोजत नसे. खरे महाविद्यालयीन गणित या चार पायऱ्यांनंतर सुरू होई.

आता थोडे गणित आपणच करून पाहू. समजा, सर्वांत खालच्या पायरीवर १०० विद्यार्थी उभे आहेत आणि प्रत्येक पायरीवर शंभरांपैकी ७० उत्तीर्ण होऊन पुढे जातात. पहिल्या पायरीनंतर ७० उरतात, दुसरीनंतर ४९, तिसरीनंतर सुमारे ३४ आणि चौथीनंतर केवळ २४. कोणत्याही एका शिक्षकाने अन्याय केलेला नाही. प्रत्येक वर्गाचा निकालही बरा म्हणावा असाच आहे. तरीसुद्धा शंभरांतील ७६ जण जिन्यातच गळाले. आणि खालच्या पायऱ्यांवर कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन वंशाच्या विद्यार्थ्यांची गर्दी त्यांच्या संख्येच्या मानाने अधिक असे. वर्णभेदाचा शब्दही न उच्चारता वर्णभेदाचे फळ पदरात टाकणारी ही रचना होती. बंधूंनो, ज्यांनी जातीची उतरंड पाहिली आहे, त्यांना हा जिना ओळखू येण्यास वेळ लागणार नाही.

२०१७ साली कॅलिफोर्नियाने यावर एक कायदा केला. असेंब्ली बिल ७०५ या नावाने तो ओळखला जातो व २०१८ पासून तो अमलात आहे. विद्यार्थ्याची पायरी ठरविताना त्याच्या हायस्कुलातील अभ्यासाची नोंद विचारात घेतलीच पाहिजे, असे तो सांगतो. महाविद्यालयीन गणितात विद्यार्थी यशस्वी होण्याचा संभव अत्यंत कमी आहे असे दिसून आल्यावाचून त्याला खालच्या वर्गात बसण्याची सक्ती करता येणार नाही, असेही तो सांगतो. २०२२ साली आणखी एक कायदा करून हे बंधन अधिक घट्ट करण्यात आले.

वकील या नात्याने मला यातील मर्म एका वाक्यात सांगता येईल. पुराव्याचा भार फिरला. पूर्वी 'मला येते' हे विद्यार्थ्याने सिद्ध करावयाचे होते. आता 'याला जमणार नाही' हे संस्थेने सिद्ध करावयाचे आहे. आरोपीला निर्दोष मानून खटला चालवावा, हे तत्त्व न्यायालयात आपण मानतो. मग मुलाच्या बुद्धीचा खटला उलट्या रीतीने का चालावा?

या कायद्यावर तेथील अनेक गणितशिक्षकांचा आक्षेप आहे. पाया कच्चा असलेले विद्यार्थी थेट वर ढकलले तर ते नापास होतील, आणि ज्यांना अभियांत्रिकीकडे जावयाचे आहे त्यांना मधले बीजगणित शिकविणार कोण, असे ते विचारतात. हा आक्षेप द्वेषमूलक नाही व तो हसण्यावारी नेण्याजोगाही नाही. कायद्यानंतर पहिल्याच वर्षात महाविद्यालयीन गणित पुरे करणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली, हे खरे. वर्णावर्णांतील अंतर मात्र अद्याप मिटलेले नाही, हेही खरे. माझे मत असे की, जिना काढावा, पण बीजगणित काढू नये. मुख्य वर्गाला जोडूनच जादा तास ठेवावेत व कच्चा भाग तेथे पक्का करून घ्यावा. अनेक महाविद्यालयांनी हाच मार्ग धरला आहे.

बीजगणित काढू नये, असे मी आग्रहाने म्हणतो, कारण रॉबर्ट मोझेस या गृहस्थांचे उदाहरण माझ्यासमोर आहे. हे कृष्णवर्णीय गणितशिक्षक १९६१ साली मिसिसिपी राज्यात आपल्या लोकांची मतदार म्हणून नोंदणी करण्यास गेले. तेथे नोंदणीसाठी राज्यघटनेतील कलमाचा अर्थ लिहून दाखवावा लागे आणि तो बरोबर की चूक हे गोरा अधिकारी ठरवी. १९६५ च्या मतदानहक्क कायद्याने ती अडवणूक मोडली. पुढे आपल्या मुलीच्या शाळेत आठवीला बीजगणित नाही असे पाहून मोझेस यांनी ते शिकविण्याचे काम हाती घेतले आणि १९८० नंतरच्या दशकात अल्जेब्रा प्रोजेक्ट उभा केला. मुलांना ते भुयारी रेल्वेने फिरवून आणीत आणि स्थानकांच्या पुढे-मागे जाण्यातून धन व ऋण संख्या समजावीत. २०२१ साली त्यांचे निधन झाले. बीजगणित हा नागरिकत्वाचा हक्क आहे, हे त्यांचे म्हणणे होते. एके काळी मतपत्रिकेच्या दारात जो अधिकारी उभा होता, तोच आता गणिताच्या वर्गाच्या दारात उभा आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आता आपल्या घराकडे वळू. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. जन्मावरून माणसाची योग्यता ठरते, ही कल्पना टाकून दिली. मग 'आमच्या घराण्यात गणित नाही' हे वाक्य अजून आपल्या तोंडी का राहावे? बुद्धी रक्तातून येते असे म्हणणे म्हणजे मागच्या दाराने चातुर्वर्ण्य घरात घेणे होय. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की, परंपरा म्हणते अथवा गुरू म्हणतो एवढ्यावरून काही मानू नका. बीजगणिताची रीत नेमकी हीच आहे. क्ष² − ५क्ष + ६ = ० या समीकरणात क्ष ची किंमत २ किंवा ३ येते. ती खरी की खोटी, यासाठी कोणाला विचारावयास नको. २ घालून पाहा, ४ − १० + ६ म्हणजे शून्य. ३ घालून पाहा, ९ − १५ + ६ म्हणजे शून्य. ताळा जुळला की उत्तर खरे, मग ते कोणाच्याही मुलाने काढलेले असो. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, ये आणि पाहा. फळ्यावरचे गणितही असेच म्हणते.

म्हणून माझी विनंती अशी. विषय सोडण्याच्या कागदावर त्याच दिवशी सही करू नका. कारण लेखी मागा. एका चाचणीचे गुण हा पुरेसा पुरावा नव्हे, असे नम्रपणे परंतु ठामपणे सांगा. विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी वंदनेनंतर गणिताचा वर्ग चालवा. शिकलेल्या तरुणांनी तेवढे ऋण फेडावे. आईला स्वतःला गणित येत नसले तरी तिने मुलाजवळ बसावे आणि 'ताळा पाहिलास का?' एवढेच विचारावे. पुरेसा अभ्यास करून, समजून उमजून मुलीने दुसरा विषय घेतला, तर ते तिचे स्वातंत्र्य आहे; तिला आडवू नका. परंतु भीतीने केलेल्या सहीला 'स्वेच्छा' हे नाव देऊ नका.

त्या वडिलांनी सही केली नाही. मुलगी वर्गात बसते आहे. ती उत्तीर्ण होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. परंतु तिचा निकाल आता तिच्या उत्तरपत्रिकेवरून लागेल, तिच्या घराण्यावरून लागणार नाही.

जय भीम.