एक अंड्याचं, एक बेसनाचं

थायलंडमध्ये 'खाई जिआव' नावाचं ऑम्लेट भातावर वाढतात. दोन अंडी, चमचाभर माशाचा सॉस आणि भरपूर कडकडीत तेल; मिनिटभरात फुगून येतं. मी माशाऐवजी सोयासॉस घालते आणि त्याला शाकाहारी म्हणते. पण आमच्या अमरावतीत अंडं आलं की शाकाहार संपला! म्हणून अकोल्याची मैत्रीण आली की अम्मी वेगळा तवा काढते. बेसनात कांदा, टोमॅटो, मिरची, सांबार घालून तिचं 'टोमॅटो ऑम्लेट' होतं. दस्तरखान एकच. कुणी कुणाच्या ताटात डोकावत नाही.

शाळेतही हेच ठरलं होतं. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्या मुलांना केळी किंवा दुसरं फळ. म्हणजे दुसरा तवा होताच. तरी विरोध झाला. जानेवारी 2025 मध्ये सरकारनं अंड्यांचा निधी बंद केला. ज्यांच्या घरी अंडं परवडत नाही, त्या लेकरांचंच ते गेलं.

न खाणाऱ्याचा मान ठेवायलाच हवा. त्यासाठी खाणाऱ्याच्या ताटातलं उचलावं लागत नाही.