हॅपी गुड फ्रायडे?

दरवर्षी गुड फ्रायडेला माझ्या मोबाईलवर दोन-तीन तरी मेसेज येतात, 'हॅपी गुड फ्रायडे!' पाठवणाऱ्याचं मन चांगलं असतं, म्हणून मी 'थँक्स' लिहून मोकळा होतो. पण मित्रांनो, तो दिवस येशूला क्रुसावर खिळल्याचा. आनंदाचा दिवस त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे ईस्टर. रविवारी कॉलेजला तशीही सुट्टीच, त्यामुळे तो कुणाच्या लक्षात येत नाही. (होळीच्या नाहीतर हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतरचा रविवार असं साधारण गणित आहे, म्हणून तारीख दरवर्षी बदलते.) नाताळइतका गाजावाजा नसला तरी आमचा सगळ्यात मोठा सण हाच.

हॉस्टेलवर एकाने विचारलं, "इंजिनीअरिंगला आहेस आणि मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला हे मानतोस?" मानतो. लॅबमध्ये सिद्ध करून दाखवता येणार नाही. पौलाने तर करिंथच्या मंडळीला स्पष्टच लिहिलं होतं, ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास फुकट. पण माझ्या मते त्याच्या उठण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते उठल्यावर तो कुणाकडे गेला हे.

ज्याने शिक्षा दिली त्या पिलाताकडे 'बघ, हरलास' म्हणायला तो गेला नाही. गेला तो पळून गेलेल्या मित्रांकडे. त्यातला पेत्र तर 'मी त्याला ओळखतही नाही' असं तीनदा म्हणाला होता, अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटी पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, या वेळी तिबिर्याच्या किनाऱ्यावर. रात्रभर जाळं टाकून दमलेल्या शिष्यांसाठी येशूने मासे भाजून ठेवलेत. आधी न्याहारी, मग पेत्राला प्रश्न, 'तू माझ्यावर प्रीती करतोस का?' तेही तीनदा. 'तेव्हा असं का केलंस?' हे एकदाही नाही. वर कामही त्यालाच सोपवलं. आपण असतो तर आधी हिशेब मागितला असता.

हे मला चर्चमध्ये ऐकून ऐकून पाठ होतं. पण आमच्या ग्रुपमधला एक जण सेकंड इयरला वायडी झाला, तेव्हा कुणी ठरवून केलं नाही, तरी आम्ही हळूहळू त्याला टाळायला लागलो. कॅन्टीनमध्ये दिसला की 'काय रे, बरा आहेस ना?' आणि पुढे. एकदा तर ज्युनिअर्ससमोर मी त्याला ओळखच दाखवली नाही. त्या वर्षी ईस्टरच्या पहाटे मिस्सेत उभा होतो आणि समोर पेत्र नव्हे, हाच दिसत होता.

संध्याकाळी घरून डबा घेऊन त्याच्या रूमवर गेलो. "आज कुठे वाट चुकलास?" म्हणाला. माफी वगैरे मागायचं ठरवलं होतं, जमलं नाही. आधी जेवलो. मग रात्री उशिरापर्यंत त्याच्या राहिलेल्या एम-थ्रीची गणितं सोडवत बसलो.