आहार लेकरामागे जावा

मेळघाट अमरावती जिल्ह्याच्या पार एका टोकाला. धारणी-चिखलदऱ्याची कितीतरी कोरकू कुटुंबं पावसाळा सरला की कामासाठी डोंगर उतरतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी तर जास्तच. लेकरू सोबत असतं. त्याचा पोषण आहार मात्र गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात राहतो. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की मापाची पट्टी लाल दाखवते. अशा तीव्र कुपोषित लेकराला उपचाराचा आहार काही आठवडे सलग लागतो, मधेच खंड पडून चालत नाही. १९७२ च्या दुष्काळात सुकडी, म्हणजे तयार पूरक खाद्य, थेट दुष्काळी कामांवर वाटली गेली. तिच्या चवीबद्दल कोणी काही म्हणो, माणसं होती तिथं ती पोचली.

आईबापांना गावातच काम द्या, आहार कशाला वाटता, हा आक्षेप रास्त आहे. रोजगार हमीचा कायदा याच राज्यानं १९७७ मध्ये केला. पण मजुरी हाती पडायला उशीर होतो, आणि दोन वर्षांच्या लेकराला तेवढी सवड नसते. गावी आणि कामाच्या ठिकाणी, दोन्हीकडे नाव लागून आहार दुबार जाईल, ही दुसरी भीती. जाऊ द्या की! कामाच्या जागेजवळच्या अंगणवाडीनं कागद न मागता वाटी भरावी; नोंदी मागाहून जुळवता येतात.