हिवाळ्यातील कोथिंबीर उन्हाळ्यासाठी राखा

कृष्णा व तारळी नद्यांच्या काठी, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून वसलेले उंब्रज हे कराड तालुक्यातील जुने बाजारपेठेचे गाव. भोवतालच्या खेड्यांतील माळवे येथे येते आणि ते विकणाऱ्यांत आपल्या बागवान बंधूंची संख्या बरीच आहे. या धंद्यातील एक नेहमीचे नुकसान आता सवयीचे झाले आहे, म्हणून त्याकडे कोणी लक्ष देत नाही. ते म्हणजे कोथिंबिरीचे.

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात बाजारात कोथिंबिरीचे ढीग लागतात. उसाच्या नव्या लागणीत सरींच्या मध्ये शेतकरी कोथिंबीर टाकतो. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत ती काढणीला येते आणि ऊस मोठा होण्याआधी चार पैसे हाती येतात. थंडी या पिकाला मानवते. सगळ्यांचेच पीक एकदम येते व भाव कोसळतो. काढणीची मजुरी निघत नाही म्हणून उभ्या पिकात मेंढरे सोडण्याची पाळी शेतकऱ्यावर येते. हातगाडीवाला संध्याकाळी उरलेल्या पेंड्या टाकून देतो, कारण दुसऱ्या दिवशी त्या पिवळ्या पडलेल्या असतात. पुढे एप्रिल-मे उजाडला की चित्र उलटते. उन्हाने रोपाला लवकर फुले येतात, पाला कमी भरतो, पाणी कमी पडते. मग पावसाळ्यात सततच्या पावसाने पीक कुजते. या महिन्यांत तीच पेंडी कितीतरी पट भावाने घ्यावी लागते आणि खानावळवाला, बिर्याणीवाला, दावतीचा बावर्ची हे सारे खिशाला चाट लावून घेतात.

थंड मुलुखात हिवाळ्यासाठी हिरवा पाला राखून ठेवण्याची रीत आहे. इराणात घरोघरी कोथिंबीर, मेथी आदी पाला चिरून, वाळवून किंवा तळून ठेवतात आणि बर्फाच्या दिवसांत तो कालवणात वापरतात. आपल्याकडे ऋतूचा हिशेब उलटा आहे. आपली टंचाई उन्हाळ्यात व पावसाळ्यात असते, सुबत्ता हिवाळ्यात. म्हणून आपण हिवाळ्यासाठी नव्हे, हिवाळ्यात राखले पाहिजे. एवढी साधी गोष्ट आपल्या धंद्यात उतरलेली नाही, हे आमचे म्हणणे आहे.

यंदापुरता नव्हे तर पुढील काही वर्षांचा विचार केला तर याचे महत्त्व अधिकच पटेल. हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. सन २०२६ ते २०३० या पाच वर्षांत बकरी ईद मेअखेरपासून सरकत सरकत एप्रिलच्या मध्यापर्यंत येते. म्हणजे कुर्बानीच्या दिवसांत, जेव्हा प्रत्येक घरात कबाब, कोरमा, बिर्याणी शिजते, नेमकी तेव्हाच कोथिंबीर महाग असणार. लग्नसराईही त्याच महिन्यांत. जानेवारीत राखलेला माल चार महिन्यांनी हमखास खपेल असे गिऱ्हाईक आपल्याच मोहल्ल्यात बसलेले आहे.

राखावी कशी?

पुष्कळ घरांत कोथिंबीर वाळवून ठेवतात. वाळवायचीच असेल तर सावलीत वाळवावी, उन्हात तिचा रंग जातो. परंतु कोथिंबिरीचा वास ज्या तेलकट द्रव्यांत असतो ती हवेत उडून जाणारी आहेत. वाळल्यावर हिरवा चुरा उरतो, वास फारसा उरत नाही. मसाल्यात घालायला तो ठीक. चटणीला किंवा कबाबाला त्याचा उपयोग नाही. धंद्यासाठी आम्ही वाळवणाची शिफारस करणार नाही.

आठ-पंधरा दिवसांपुरती ठेवायची असेल तर मुळे काढावीत, पेंडी न धुता कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळावी व फ्रीजमध्ये ठेवावी. शून्य अंशाजवळच्या थंडीत व ओलसर हवेत ती दोन ते तीन आठवडे टिकते; तापमान पाच अंश झाले तरी दिवस कमी होतात. पिकलेली केळी, आंबे, टोमॅटो यांच्याशेजारी मात्र ठेवू नये. पिकत्या फळातून एक वायू निघतो व त्याने पाला पिवळा पडतो. आपल्या अनेक दुकानांत फळे व पालेभाजी एकाच टोपलीशेजारी असतात, तेथे एवढा बदल फुकटात करता येईल.

महिनोन्महिने ठेवण्याची खरी रीत म्हणजे गोठवणे. सकाळी काढलेली ताजी कोथिंबीर घ्यावी. पिवळी पाने व जाड देठ काढून तीन पाण्यांत धुवावी. मग कापडावर पसरून पंख्याखाली अगदी कोरडी करावी, कारण पाणी राहिले की बर्फाचा गोळा होतो. बारीक चिरून शंभर-शंभर ग्रॅमच्या पिशव्या भराव्यात, हवा दाबून काढावी, तारीख लिहावी आणि उणे अठरा अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. अशी कोथिंबीर पाच-सहा महिने सहज वापरता येते. बाहेर काढल्यावर ती मऊ पडते, त्यामुळे ताटावर भुरभुरायला चालत नाही. रस्सा, कबाब, बिर्याणीचा मसाला व चटणी यांत मात्र तिचा वास बराच टिकून राहतो. एकदा वितळलेली पिशवी पुन्हा गोठवू नये.

दुसरी रीत वाटणाची. कोथिंबीर, हिरवी मिरची व मीठ थोड्या तेलात वाटून बर्फाच्या साच्यात गोठवावी व वड्या पिशवीत भराव्यात. येमेनमध्ये कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण व जिरे यांची अशीच चटणी घरोघरी असते, तिला झुग म्हणतात. आपल्या ठेच्याची ती बहीणच. लिंबू मात्र वापरतेवेळी पिळावे, आधी घातल्यास हिरवा रंग काळपट होतो. येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. लसूण घातलेले किंवा तेलात बुडवलेले वाटण बाटलीत भरून बाहेर ठेवू नये. हवा न लागणाऱ्या जागी बोट्युलिझम या जीवघेण्या आजाराचे जंतू वाढतात आणि वासावरून ते कळत नाही. असे वाटण गोठवलेलेच ठेवावे.

ज्यांच्याकडे डीप फ्रीझर नाही त्यांनी चार भाग चिरलेल्या कोथिंबिरीला एक भाग मीठ, असे थर देऊन काचेच्या बरणीत दाबून भरावे व फ्रीजमध्ये ठेवावे. स्वयंपाकात मग वेगळे मीठ कमी घालावे.

हिशेब काय सांगतो?

घरासाठी राखताना आपण घरच्या बाईच्या श्रमाची किंमत धरत नाही. धंद्यात ती धरलीच पाहिजे. समजा, हिवाळ्यात पेंडी पाच रुपयांना मिळाली आणि एका पेंडीतून निवडलेला पाला दीडशे ग्रॅम निघाला. वीस पेंड्यांचे शंभर रुपये, पाला तीन किलो. निवडण्या-चिरण्याची मजुरी तीनशे रुपये धरली, वीज व पिशव्यांचे किलोमागे तीस रुपये धरले, तर एक किलो राखलेला पाला सुमारे १६३ रुपयांना पडतो. पावसाळ्यात पेंडी चाळीस रुपयांना गेली तर तेवढाच पाला सुमारे २६७ रुपयांना पडेल. किलोमागे शंभर रुपये सुटतात. परंतु पेंडीचा भाव पंचवीसच्या वर गेलाच नाही तर काहीच सुटत नाही. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातील भाव घालून हिशेब मांडावा आणि मगच पैसा गुंतवावा. माल आपल्याच खानावळीत किंवा ठरलेल्या बावर्चीकडे खपणार असेल तर धोका कमी, नुसता भावावर डाव लावला तर धोका जास्त.

एकट्याने फ्रीझर घेणे परवडत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच चार-पाच घरांनी किंवा महिलांच्या एखाद्या बचत गटाने मिळून एक घ्यावा. आपल्यात फ्रीज दुरुस्त करणारे हुन्नरी कारागीर आहेत. त्यांनी जुने फ्रीझर तपासून, हमीवर द्यावेत, त्यांनाही काम मिळेल. वीज गेली तर घाबरू नये: गच्च भरलेला व न उघडलेला फ्रीझर सुमारे दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. म्हणून रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात.

खरेदी थेट बांधावरून करता येते. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आहे. मात्र शेतकरी अडचणीत आहे म्हणून त्याला मजुरीही निघणार नाही असा भाव देऊ नये. बाजारापेक्षा रुपया जास्त दिला तर पुढच्या वर्षी तोच आपल्यासाठी लागण करील. विक्रीसाठी माल भरणाऱ्याने २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी करावी. ती लहान धंदेवाल्यालाही लागते. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०२० साली योजना आणली, तीत ३५ टक्के व जास्तीत जास्त दहा लाखांचे अनुदान ठेवले होते. तिची सध्याची स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावी.

शेवटी सचोटीविषयी. चटणी हिरवीगार दिसावी म्हणून रंग घालणे, पिवळा पाला चिरून ताज्यात मिसळणे, वजनात पिशवीवरचा बर्फ धरणे, हे सारे हराम कमाईचे मार्ग आहेत आणि अशा धंद्यात बरकत राहत नाही. पिशवीवर तारीख व खरे वजन असावे.

इस्लामने इसराफ, म्हणजे उधळपट्टी व नासाडी, नापसंत केली आहे. आपण लग्नातील उधळपट्टीवर बोलतो, परंतु बाजार उठल्यावर रस्त्यावर पडलेल्या हिरव्या पाल्याकडे पाहून कोणाला इसराफ आठवत नाही. त्यात शेतकऱ्याचा घाम, पाणी आणि आपल्या हातगाडीवाल्याची दिवसाची रोजी असते. उंब्रजच्या व आसपासच्या व्यापारी बंधूंनी येत्या हिवाळ्यात निदान वीस पेंड्यांपासून सुरुवात करावी व बकरी ईदला आपला हिशेब स्वतःच तपासावा. वीस पेंड्यांत कोणी बुडत नाही. हिशेब जमला तर त्याच्या पुढच्या वर्षी दोनशे घेता येतील, इन्शाअल्लाह.