पाककृतींचा पसारा : काय ठेवावे, काय काढावे?

दसरा जवळ आला की म्हैसूरमध्ये घरोघरी आवराआवर सुरू होते. नवरात्रात बाहुल्यांची आरास मांडायची असते, त्यासाठी फळ्या आणि कपाटे रिकामी करावी लागतात. नोकरी-व्यवसायानिमित्त येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही या दिवसांत हेच दृश्य दिसते. अशा वेळी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून एक गठ्ठा खाली उतरतो. त्यात लग्नात भेट मिळालेली पाकपुस्तके असतात, मासिकांतली कात्रणे असतात, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर घाईघाईने उतरवलेला ढोकळा असतो, कानडी शेजारणीने सांगितलेल्या बिसीबेळे भाताची चिठ्ठी असते. आणि सर्वांत खाली असते तेलाचे डाग पडलेली, शिवण उसवलेली सासूबाईंची वही.

सुनेला वाटते, हे सगळे रद्दीत द्यावे. हवी ती कृती मोबाइलवर दोन मिनिटांत मिळते. सासूबाईंना वाटते, यातला एक कागदही जाता कामा नये. खरे तर दोघींचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. जी कृती कुठेही मिळेल ती साठवून केवळ जागा अडते. परंतु जी दुसरीकडे कुठेच मिळणार नाही, ती एकदा रद्दीत गेली की कायमची गेली. आवरताना हा फरक ओळखता आला पाहिजे.

गठ्ठ्यातले धन

म्हैसूरमध्ये तर याचे मोठे उदाहरण आहे. येथील प्राच्य ग्रंथालय १८९१ मध्ये स्थापन झाले. १९०५ मध्ये तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने तेथे एक ताडपत्राची पोथी आणून दिली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती वाचून पाहिली, तेव्हा ते कौटिल्याचे अर्थशास्त्र निघाले. तोवर या ग्रंथाचे केवळ उल्लेख माहीत होते. १९०९ मध्ये तो छापून प्रसिद्ध झाला.

घरातली वही काही अर्थशास्त्र नव्हे. पण नियम तोच आहे. कोणताही कागद वाचून पाहिल्याशिवाय टाकू नये आणि ठेवला, तर काय ठेवले याची नोंद करावी. दुसऱ्याच्या हातचा कागद मात्र त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय कधीच काढू नये. आपल्याला जी रद्दी वाटते, ती एखादीला माहेरची आठवण असू शकते.

तीन ढीग करा

सुटीच्या दिवशी सगळा गठ्ठा जमिनीवर पसरून त्याचे तीन ढीग करावेत.

पहिला ढीग छापील पुस्तकांचा. कमलाबाई ओगले यांचे १९७० मध्ये निघालेले ‘रुचिरा’ अनेक मराठी घरांत असते, कधी कधी दोन प्रतींत. त्यातली एक नव्याने संसार थाटणाऱ्या भाचीला द्यावी. ज्या जाड पुस्तकातले दोनच पदार्थ आपण करतो, त्यातले ते दोन वहीत उतरवून घ्यावेत आणि पुस्तक वाचनालयाला द्यावे.

दुसरा ढीग कात्रणांचा. यातली बहुतेक ‘कधीतरी करून पाहू’ म्हणून कापलेली असतात. त्यांतली फक्त बारा निवडावीत आणि दर महिन्याला एक करून पाहावी. आवडली तर वहीत जागा, नाही तर रद्दीत. पुढच्या दसऱ्यापर्यंत जे कात्रण करून पाहिले गेले नाही, त्याचा मोह सोडावा. मोबाइलमध्ये साठवलेल्या शेकडो कृतींनाही हाच नियम लावता येईल.

तिसरा ढीग हस्ताक्षरातल्या कागदांचा. यातले काहीही टाकायचे नाही. पण नुसते बांधून पुन्हा फळीवर ठेवायचेही नाही, कारण खरे काम इथेच आहे.

‘अंदाजाने’ म्हणजे किती?

जुन्या वहीतली कृती बहुधा अपुरी असते. ज्या बाईने ती लिहिली, तिला बाकीचे पाठ असते. म्हणून ती लिहिते, ‘मसाला अंदाजाने, तूप छटाकभर.’ सून विचारते, “अहो आई, अंदाजाने म्हणजे किती?” सासूबाई हसून म्हणतात, “अगं, हाताला कळतं.” त्यांच्या हाताला कळते हे खरे, पण तो हात जन्मभर पुरणार नसतो.

आधी मापे सोडवून घ्यावीत. देशात मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या कृतींत शेर, छटाक आणि तोळे येतात. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्या हिशेबाने पावशेर २३३ ग्रॅम, छटाक ५८ ग्रॅम आणि तोळा साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर. म्हैसूरकडच्या शेजारणीने ‘एक पाव तांदूळ’ सांगितले, तर मात्र तो वजनाचा पावशेर समजू नये. ते भरून मोजायचे भांडे असते. तिच्याच मापाने तांदूळ मोजून घ्यावेत आणि त्यांचे वजन वहीत लिहावे.

‘अंदाजाने’चे उत्तर काढण्याचीही युक्ती आहे. स्वयंपाकाला लागण्यापूर्वी मसाल्याचा डबा वजन करून ठेवावा. सासूबाईंना नेहमीप्रमाणे हाताने मसाला घालू द्यावा. नंतर डब्याचे वजन पुन्हा करावे. जो फरक येईल, तोच त्यांचा अंदाज. त्यांच्या कामात अडथळा येत नाही आणि कृती पूर्ण होते.

मापाइतकीच खूणही महत्त्वाची. म्हैसूरपाकाचेच पाहा. नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या राजवाड्यातील आचारी काकासुर मादप्पा यांनी तो प्रथम केला, असे सांगतात. बेसन, साखर, तूप एवढेच त्याचे साहित्य. पण पाक कितपत व्हावा, तूप कडकडीत गरमच का घालावे, कढई नेमकी केव्हा उतरवावी, हे लिहिले नाही तर म्हैसूरपाकाची वीट तरी होते किंवा शिरा. म्हणून रंग, वास, आवाज या खुणाही विचारून लिहाव्यात.

मांडणी आणि निगा

प्रत्येक कृती स्वतंत्र पानावर लिहून फाइलमध्ये लावावी. म्हणजे पान पुढेमागे करता येते. सोळाव्या शतकाच्या आरंभी मंगरसाने कन्नडमध्ये ‘सूपशास्त्र’ लिहिले. त्यात पिठाचे पदार्थ, पेये, भात, भाज्या अशी विभागणी आहे. आपल्या फाइलचेही असेच भाग करावेत. पहिल्या पानावर अनुक्रमणिका हवी. प्रत्येक कृतीखाली ती कोणाकडून आणि कधी मिळाली हे लिहावे. शेजारणीची हुळी किंवा गोज्जु असेल, तर कानडी नाव तसेच ठेवावे.

मूळ वहीचे प्रत्येक पान मोबाइलने टिपून मुलाबाळांना पाठवून द्यावे. एकच प्रत असली की ओल किंवा वाळवी केव्हा घात करील, सांगता येत नाही. प्राच्य संशोधन संस्थेत ताडपत्रांना गवती चहाचे तेल लावतात. पण कागदाला तेल लावण्याची चूक करू नये. वही शेगडीवरच्या फळीत न ठेवता कोरड्या कपाटात ठेवावी. सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड कापडी पुरचुंडीत बांधून ठेवावे. पावसाळा संपला की पाने सावलीत हवेशीर करावीत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि अक्षरेही खराब करते.

सुरुवात कृती कितव्या पानावर आहे यावरून करू नये, ती सांगणारी व्यक्ती किती थकली आहे हे पाहून करावी. मोठ्यांना ज्या दिवशी बरे वाटत असेल, त्या दिवशी एकच पदार्थ त्यांच्याबरोबर करावा आणि लगेच लिहून ठेवावा. नवरात्रात सरस्वतीपुढे पुस्तके मांडली जातात. त्यांत या वर्षी ती डाग पडलेली वही आणि तिच्याशेजारी नवी फाइल ठेवावी. पाच कृती पूर्ण झाल्या असल्या, तरी तेवढ्या पाच घरातून हरवणार नाहीत.