जुना लॅपटॉप आणि घराची चावी



आमच्या घरात एकच लॅपटॉप आहे, तोही सेकंडहँड. हिंजवडी आमच्याच मुळशी तालुक्यात येते, हे पुण्याबाहेरच्या पुष्कळांना ठाऊक नसतं. तिथल्या कंपन्यांनी काढून टाकलेली यंत्रं स्वस्तात मिळतात, त्यातलंच हे एक. त्यावर मी उर्दूच्या प्रश्नपत्रिका करते. मी उठले की नववीतला मुलगा बसतो खेळायला.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही, पण त्यात सापडणारी नवी भगदाडं बुजवायला कुणी येत नाही. तेव्हा वर्षभराची वाढीव सोय दिली, पण ती वर्षभराचीच. विंडोज ११ घालावं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. आमच्याकडे प्रोसेसर जुना. दुकानदार म्हणाला, "मॅडम, भंगारात द्या, नवा घ्या." मी किंमत ऐकली आणि गप्प घरी आले.

रविवारी माझा धाकटा भाऊ आला. म्हणाला, "आपा, भंगारात कशाला देतेस? लिनक्स टाकू."

लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. तो कुणालाही फुकट वापरता येतो, उघडून बघता येतो, बदलता येतो. त्याची अनेक रूपं आहेत. भावाने लिनक्स मिंट निवडलं, कारण त्याचा पडदा विंडोजसारखाच दिसतो. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून दोन दिवस आधी नुसतं वापरून बघता येतं, यंत्रातलं काही पुसलं जात नाही. वायफाय लागतं का, प्रिंटर ओळखतो का, हे तेव्हाच कळतं. कायमचं घालण्याआधी मात्र फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. आम्ही घेतली होती, तरी माझी एक जुनी घटक चाचणी राहून गेली ती गेलीच.

माझी अडचण इनपेजची होती. उर्दू शिक्षकांचा हात त्यावरच बसलेला, आणि ते विंडोजचं. आता लिब्रेऑफिसमध्ये युनिकोड उर्दू लिहिते. नोटो नस्तालिक हा फॉन्ट मोफत आहे, आणि एकाच कळीने उर्दू-मराठी अशी अदलाबदल होते. पहिला महिना चिडचिडीत गेला, हे कबूल करते. इनपेजइतका वेग अजून आलेला नाही.

मुलाची अडचण वेगळी. त्याने आधीच विचारलं, "पण मामू, गेम चालतील?"

विंडोजसाठी केलेला खेळ विंडोजच्याच भाषेत बोलतो. १९९३ पासून वाइन नावाचा प्रकल्प मधल्या दुभाष्याचं काम करतो. खेळ विंडोजला काही मागतो, वाइन ते तिथल्या तिथे लिनक्सच्या भाषेत मागून देतं. स्टीम हे खेळांचं दुकान चालवणाऱ्या वॉल्व कंपनीने २०१८ मध्ये यावरच प्रोटॉन काढलं. २०२२ मध्ये आलेलं त्यांचं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र लिनक्सवरच चालतं, त्यामुळे प्रोटॉन नीट चालवणं ही त्यांचीच गरज झाली. कोणता खेळ कसा चालतो, हे प्रोटॉनडीबीवर खेळणारेच लिहून ठेवतात. पैसे मोजण्याआधी तिथे बघावं. आमच्या लॅपटॉपवर जड खेळ तसेही चालत नव्हते. जुने चालले. धाकटीला सुपरटक्सकार्ट दिलं. गाड्यांची शर्यत आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत. एकदा उतरवलं की इंटरनेटही लागत नाही.

अडलं ते व्हॅलोरंटपाशी. मुलाचे सगळे मित्र तोच खेळतात, आणि तो लिनक्सवर चालत नाही. त्यात लबाडी पकडायला व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी आहे. तो विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, बसतो. खेळ २०२० मध्ये आला तेव्हा हा पहारेकरी संगणक सुरू होतानाच जागा होतो म्हणून बरीच ओरड झाली होती. कंपनीचं म्हणणं असं की लबाडी करणारेही तिथेच लपतात, म्हणून पहाराही तिथेच हवा. ते खोटं नाही. पण कर्नलपासून यंत्रात काहीच लपत नाही, आणि त्याच यंत्रात माझं बँकेचं काम, मुलांच्या निकालाच्या याद्या, लेकींचे फोटो. मी मुलाला सांगितलं, "दारावर वॉचमन ठेवला म्हणून त्याला कपाटाची चावी द्यायची का?"

त्याने शांतपणे माझा मोबाइल उचलला. "अम्मी, हे बघ." माझ्या नमाजच्या अ‍ॅपला ठावठिकाण्याची परवानगी होती, तीही 'नेहमी'. संपर्कयादीचीसुद्धा. नमाजच्या वेळा सांगायला माझ्या जावेचा नंबर कशाला हवा?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भावाने मग मुस्लिम प्रोची हकीकत सांगितली. माझं अ‍ॅप ते नव्हे. नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्ड या अमेरिकी वृत्तसंस्थेने छापलं, की कोट्यवधी लोकांनी घेतलेल्या त्या अ‍ॅपमधून ठावठिकाण्याची माहिती एक्स-मोड या दलालाकडे जात होती, आणि दलालाच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराची कामं घेणारे ठेकेदार होते. लष्कराला आपण माहिती विकल्याचं कंपनीने नाकारलं, आणि एक्स-मोडशी संबंध तोडला. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या दलालाला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला मनाई केली. दवाखाने आणि प्रार्थनास्थळं त्यात येतात. फजरला कोण घरातून निघतं आणि कुठे जातं, हेही विकायची वस्तू होऊ शकते, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

खरं तर वेळा काढायला फक्त तारीख आणि गावाचे अक्षांश-रेखांश लागतात. कराचीच्या पद्धतीत सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर असतो तेव्हा फजर सुरू होते. मगरीब सूर्यास्ताला. ताम्हिणी घाट उतरला की आमचे शाफई नातेवाईक. त्यांची अस्र आमच्या हनफी अस्रच्या आधी होते, कारण सावलीचा हिशेब वेगळा. हे सगळं गणित मोबाइल स्वतः करू शकतो, बाहेर काही कळवायची गरज नाही. मी गाव हाताने 'पुणे' निवडलं आणि दोन्ही परवानग्या काढल्या. वेळा तशाच येतात. खात्रीसाठी भिंतीवरचं मशिदीचं वेळापत्रक आहेच.

तुम्हीही सेटिंग्जमध्ये 'परवानग्या' उघडून 'लोकेशन'समोरची यादी एकदा बघा. टॉर्च आणि कीबोर्डही त्यात सापडतील.

माझा मोबाइल असा दुरुस्त झाल्यावर व्हॅलोरंटबद्दल मुलाशी बोलायला मला तोंड आलं. ठरलं ते असं: मामूच्या घरी एक जुना संगणक आहे, त्यावर विंडोज आहे आणि खेळांखेरीज काहीच नाही. ना बँक, ना फोटो, ना कुणाचा ईमेल. रविवारी दुपारी दोन तास तिथे खेळायचं. मला हे पूर्ण पटलेलं नाही, कारण दोन तासांचे तीन होतात. गेल्या रविवारी मगरीब झाल्यावर घरी आला. विचारलं तर म्हणाला, "हरलो, अम्मी. म्हणून उशीर झाला."