पीएच.डी. झाली, पुढे हंगामी!

आमच्या गँगमन, सॉर्टर, पोस्टमन बंधूंची कित्येक मुले आज पीएच.डी. झाली आहेत. पेढे वाटून झाले की बाप विचारतो, ‘आता नोकरी कुठे?’ उत्तर येते, ‘पोस्टडॉक शोधतोय.’ हे काय प्रकरण आहे ते घरात कोणाला उमगत नाही, आणि पोरालाही धड सांगता येत नाही.

कायम अध्यापकाची जागा मिळेपर्यंत विद्यापीठात करावयाचे हे दोन-तीन वर्षांचे संशोधनाचे काम. त्याला रेल्वे भरती मंडळासारखी परीक्षा नाही, पॅनेल नाही, ज्येष्ठता यादी नाही. प्राध्यापकाला सरकारी प्रकल्प मिळाला की त्यात रिसर्च असोसिएटची जागा निघते. नाहीतर उमेदवाराने स्वतः मार्गदर्शक गाठून, त्याची संमती घेऊन राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी अर्ज करायचा. तेथे वयाची अट ३५ वर्षे. मागासवर्गीय व महिलांना पाच वर्षांची सवलत. म्हणून जाहिरातीची वाट पाहू नये. प्रबंध सादर होण्याआधीच प्राध्यापकांना पत्रे लिहावीत, त्यांच्या कामाचा नेमका उल्लेख करून. ‘कोणतेही काम द्या’ असे पत्र केराच्या टोपलीत जाते.

मग मुलाखतीचे बोलावणे येते. खाली बहुधा ओळ असते: प्रवासखर्च मिळणार नाही. भुसावळच्या पोराने गुवाहाटी गाठावी कशी? रेल्वे कामगाराला पास आठवेल. पण पास नियमांप्रमाणे एकवीस वर्षांवरील संशोधक मुलाला पास मिळतो तो शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन नसेल तरच. म्हणजे फेलोशिप असली की तो कमावता; ती संपली की संशोधकच उरत नाही. पास दोन्हीकडून गेला!

आणि विद्यापीठात तो कोण? विज्ञान व तंत्रज्ञान खात्याने २०२३ मध्ये रिसर्च असोसिएटला दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये आणि घरभाडे ठरवले. रक्कम हलकी नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु महागाई भत्ता नाही, बोनस नाही, आणि प्रकल्प संपला की काम संपले. आमच्या जुन्या मंडळींना ही भाषा ओळखीची वाटेल. ओपन लाइनवरच्या कॅज्युअल कामगाराला सलग १२० दिवसांनी टेंपररी स्टेटस मिळे. प्रकल्पावरच्या कामगाराला मात्र त्यासाठी सुप्रीम कोर्टात जावे लागले, तेव्हा १९८५ मध्ये इंद्रपाल यादव खटल्यात निकाल लागला. प्रकल्प रुळांचा असो वा प्रयोगशाळेचा, मालकाची सबब तीच.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील पोस्टडॉकांनी युनियन बांधून २०१० मध्ये पहिला करार मिळवला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तेथील सुमारे ४८,००० संशोधक व शिक्षण कामगार संपावर गेले आणि पगारवाढ घेऊनच परतले. आपल्याकडचे पोस्टडॉक अजून एकेकटेच प्राध्यापकाच्या दारात उभे आहेत.

महासंघाने रेल्वे बोर्डाकडे निदान एवढी मागणी टाकावी: पीएच.डी. झालेल्या आणि काम शोधणाऱ्या मुलाला, मुलाखतीचे पत्र दाखवल्यास, वडिलांच्या किंवा आईच्या पासावर प्रवास करता यावा. टपाल खात्यातल्या आमच्या बंधूंना तर पासही नाही. त्यांच्यासाठी विद्यापीठांनीच दुसऱ्या वर्गाचे भाडे द्यावे, असा ठराव शाखांनी पाठवावा.